पाणी निवळेपर्यंत

९ जून २०२४, रविवार

आज उगाच तलावपाळी आठवली. सत्त्याऐंशी साल असावं. ठाण्याला कुणाच्या तरी मुंजीला गेलो होतो, परतताना तळ्याच्या कठड्याशी थांबलो. माझ्या हातात चुरमुऱ्यांचा पुडा. मी मूठमूठ पाण्यात टाकत होते आणि मासे तोंडं वर करून येत होते. ह्यांनी पुडा हळूच काढून घेतला. म्हणाले, "पुरे गं. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं." उरलेले चुरमुरे आम्हीच खाल्ले. एवढंच.

हे जानेवारीत गेले. हॉलमधला त्यांचा दोन फुटी टँक आता मी बघते. हजेरी : तेरा गप्पी आणि काच चाटणारा एक काळा सकर. त्याचं नाव सिस्टर अ‍ॅगाथा. शाळेतल्या आमच्या सिस्टरही अशाच, सतत काहीतरी पुसत असायच्या.

मेघनाचा ठाण्याहून फोन. "आई, इकडे राहायला ये. खोली रिकामी आहे. टँक देऊन टाक कुणाला तरी." मी म्हटलं, चौदा जीव आहेत, ते काय कपाट आहे का? शेवटी असं ठरलं : पंधरा ऑगस्टला ती सान्वीला घेऊन डोंबिवलीला येईल. टँक नीट दिसला तर हा विषय पुन्हा काढणार नाही.

दोन महिने आहेत. पाणी जरासं ताकाच्या निवळीसारखं दिसतंय. काळजीचं कारण नाही.

११ जून, मंगळवार

उत्तमच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेले. हे त्याच्याकडूनच सगळं घ्यायचे. "त्र्यंबककाका असते तर पाणी असं झालंच नसतं," म्हणाला. बोलायची पद्धत नाही त्याला.

विचारलं, खाणं किती वेळा? दोनदा, मी सांगितलं. सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण. चारच्या चहाला बिस्किटाचा चुरा आणि रात्री पोळीचा चुरा असतो, पण ते खाणं धरत नाहीत. माझं ताट टँकसमोरच असतं. समोरच्याला न देता एकटीने कसं जेवायचं? हे जेवायला थांबायचे माझ्यासाठी.

लाइट किती तास? सहा, म्हटलं. उठल्याबरोबर लावते आणि झोपताना बंद करते, एवढंच.

१९ जून, बुधवार

सगळं पाणी बदललं. खडे बाथरूममध्ये धुतले. फिल्टरचा स्पंज तर इतका कळकट होता की भांड्यांचा साबण लावून चारदा पिळला. हे इतके टापटिपीचे, आणि त्यांचा स्पंज असा. माणूस गेल्यावर काय काय कळतं.

पाणी काचेसारखं. मेघनाला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

२२ जून, शनिवार

पाणी दुधासारखं. उत्तमला फोन केला. साबणाचं ऐकून त्याने आधी कितीदा पिळला ते विचारलं. मग म्हणाला, "काकू, ती घाण नव्हती. त्या स्पंजात जिवाणू असतात, ते पाणी साफ ठेवतात. काकांनी वर्षानुवर्षं जमवलेला सगळा स्टाफ तुम्ही एका सकाळी काढून टाकलात."

मला कसं माहीत असणार? ह्यांनी कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही हे खरं, पण सांगायला काय झालं होतं?

५ जुलै, शुक्रवार

पावसाने नळालाही गढूळ पाणी. हंड्यात तुरटी फिरवताना सुचलं. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. कल्याणला सासूबाई पावसाळाभर असंच पाणी निवळून घ्यायच्या. तीन वेढे, मग हंड्याला हात लावायचा नाही. वरच्या मजल्यावरची वासंती आली होती, तीही म्हणाली, "फिरव गं बिनधास्त. आमच्या आजोळी तुरटीने आख्खी विहीर निवळलीये." टँक हंड्यापेक्षा मोठा, म्हणून मी दहा वेढे दिले.

संध्याकाळपर्यंत गाळ खाली, पाणी आरशासारखं. दुकानदारांना आपल्या साध्या गोष्टी माहीतच नसतात.

६ जुलै, शनिवार

हजेरी : नऊ.

पाच जण मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. त्यांचं वय झालं असावं. तुरटी डब्यात परत ठेवली, मागे.

१८ जुलै, गुरुवार

आता हिरवं. काचेवर, दगडांवर, पानांवर केसांसारखं शेवाळ. टँक अगदी जिवंत वाटतो. वासंती म्हणाली, "अगं, कोकणातली पायरी झालीये ही, पाय घसरेल."

उत्तमचा उपाय : तीन दिवस टँक चादरीने झाकायचा. लाइट नाही, खाणं नाही. "शेवाळाला उजेड नि उष्टं लागतं, काकू. तुम्ही दोन्ही देताय." काहीतरी तर्क करतो.

निश्चय : शनिवारपासून तीन दिवस. पूर्ण अंधार.

२० जुलै, शनिवार

सकाळी ८ : ह्यांची सोलापुरी चादर घातली.

दुपारी १ : एक कोपरा उचलला. फक्त बघायला.

संध्याकाळी ७ : नीट दिसावं म्हणून लाइट लावला.

७.३० : चादर घडी करून कपाटात. हॉलमध्ये चादरीखाली काही ठेवलेलं असताना मला जेवता येत नाही. जानेवारीत एकदा झालंय ते. उत्तमला सांगितलं, तीन दिवस पूर्ण करीन.

११ ऑगस्ट, रविवार

हजेरी : सहा गप्पी, एक सिस्टर. जुन्या टूथब्रशने काच घासते. सिस्टर एकट्या किती करणार?

चपलांच्या स्टँडजवळ उभं राहिलं, आणि मागची खिडकी उघडी असली, तर पाणी स्वच्छ दिसतं. मेघनाची खुर्ची तिथे ठेवली आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सगळे आले. मेघना, जावई प्रशांत, सान्वी. पुरणपोळी केली होती. मेघना खुर्चीत बसली, माझी योजना बरोबर होती. पण सान्वी सात वर्षांची. तिने सरळ काचेला नाक लावलं.

"आजी, इथे खाली भात आहे."

मग म्हणाली, पोळीपण आहे. मग विचारलं, "तू ह्यांच्याबरोबर जेवतेस?"

मी म्हटलं, कधीतरी.

मेघना उठून तिच्याजवळ जमिनीवर बसली. लाइट किती तास असतो, विचारलं. सहा, मी म्हटलं. सान्वी म्हणाली, "खोटं. व्हिडिओ कॉलला तुझ्या मागे नेहमी चालू असतो. सकाळीपण, रात्रीपण." प्रशांत ताटातलं तूप बघत राहिले.

मेघना चिडली नाही. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. हळूच म्हणाली, "आई, बाबा म्हणायचे ना, माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं."

माहीत आहे म्हटलं. पुडा माझ्याच हातात होता.

१८ ऑगस्ट, रविवार

सहा गप्पी वासंतीला. दिवसातून एकदा, चिमूटभर. तिची चिमूट मोठी आहे, म्हणून मोजायचा चमचा सोबत द्यावा. सिस्टर अ‍ॅगाथा उत्तमकडे, दुकानात काम भरपूर आहे. स्पंजही त्यालाच. त्याला साबण लावू नये. काळ्या दगडाला बांधलेलं जावा मॉस हे पाणरोप अजून बरं आहे, ते सान्वीला, हॉर्लिक्सच्या बरणीत घालून. बरणी खिडकीत ठेवू नये. तुरटी प्रशांतना, दाढीनंतर लावायला. सोलापुरी चादर माझ्या बॅगेत, वर.

रिकामा टँक कुणाला देऊ नये. लाइट तसाच राहू द्यावा. वासंतीकडे किल्ली आहे, तिने रोज संध्याकाळी सात ते दहा लावावा. सोसायटीत घर बंद दिसू नये.

मी मेघनाकडे. पुढच्या शनिवारपासून. नळाचं पाणी निवळेपर्यंतच.