ब्रोइश बंधूंची पिवळी रेघ

ओबरश्वाइड, आयफेल
९ सप्टेंबर २०१९

प्रिय अल्विन भावजी,

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरं वाटलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टर सोडून कुणाचीच तक्रार नाही. तुमच्या भावाला, माझ्या एवाल्टला, जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं झाली. त्याचा पाना अजून त्याच खिळ्यावर टांगलेला आहे. दर शनिवारी मी त्याला तेल लावते.

आपल्या ‘ब्रोइश बंधू’ मोटार-शर्यत संघाच्या पन्नाशीच्या पुस्तिकेसाठी तुम्ही लिहिलेला इतिहास तपासायला माझ्याकडे आला. (शाळा आठवीत सुटली, पण पुस्तकांची फिरती गाडी गेली चाळीस वर्षं माझ्या दारात थांबते. त्यामुळे शुद्धलेखनासाठी गावाला मीच आठवते.) इतिहास छान आहे, पण फारच सभ्य आहे. ‘सहा संस्थापक’ असं तुम्ही लिहिलंत. आपल्या कायद्यात सात सभासदांशिवाय संघाचं मंडळ नोंदवता येत नाही. सातवा मिळेना, तेव्हा एवाल्टने मला चुलीपासून उठवून सही करायला लावली. माझ्या सहीवर पिठाचा ठसा आहे. आणि पहिल्या शर्यतीत आपण शेवटचे आलो हेही खरं नाही. सासूबाईंची चर्चला जायची गाडी, त्यावर चुन्याने रंगवलेला ६१ आकडा आणि दुसऱ्याच फेरीला पाऊस. आकडा धुऊन गेला आणि वेळ मोजणाऱ्यांनी आपल्याला ‘गैरहजर’ लिहिलं. गैरहजर माणूस शेवटचा कसा येईल? बहात्तर साली आपण मंडळाचा झेंडा नेला आणि जॅक घरी विसरलो, तेव्हा गावातल्या आठ जणांनी गाडी हातांनी उचलून धरली आणि एवाल्टने चाक बदललं. माणसांनी गाडी उचलू नये असं नियमात कुठेही नव्हतं. पुढच्या वर्षी आलं. मोठमोठ्या मोटार कारखान्यांच्या संघांनी करंडक नेले असतील, पण नियमपुस्तकात एक अख्खं कलम आपल्यामुळे आहे. हे पहिल्या पानावर हवं होतं, भावजी.

आता पान तेवीस. अठ्ठ्याहत्तरची शर्यत, गाडी तुमच्या हातात, आपण आपल्या गटात पहिले, शेवटची फेरी, आणि पुढचं डावं चाक निघून गायींच्या कुरणात गेलं. तुमचं गळ्याचं हाड मोडलं. तुम्ही लिहिलंय, ‘एवाल्टकडून नट आवळायचे राहिले होते.’

त्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक नट आवळला की तो त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा, अर्धी नटवर, अर्धी चाकावर. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसे. (मी मुरंब्याच्या बरण्यांवर अजून तशीच रेघ ओढते. तीन वर्षांत एकही झाकण सुटलेलं नाही.) नट कुरणात हरवले, पण चाक आठवड्याने गायींच्या मालकाने आणून दिलं. ते चकचकीत चाक होतं, आणि त्यावर एकही अर्धी रेघ नव्हती. शर्यतीआधी एवाल्ट मसुराचं सूप प्यायला गेला होता तेव्हा वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला, आणि फोटोत चमकावं म्हणून ते चाक तुम्ही स्वतः चढवलंत. एवाल्टने चाक पाहिलं, मलाही दाखवलं, आणि मंडळाच्या सभेत उभा राहून ‘माझ्याकडून राहिलं’ असं म्हणाला. मी घरी येऊन ताटं आपटली. तेव्हा तो इतकंच बोलला, “अल्विनला बघायला सोमवारी कारखान्याचा माणूस येतोय, रोझविथा. ड्रायव्हरच बेफिकीर निघाला तर त्याला कोण घेईल? माझं काय, मी इथेच आहे.”

कारखान्याने तुम्हाला घेतलं. दोन वर्षं तुम्ही त्यांच्या गाड्या चालवल्यात, आणि तुमची प्रत्येक शर्यत तो रेडिओला कान लावून ऐकायचा. तुम्ही जिंकलात की गल्लीभर सांगत सुटायचा. तुमचा अभिमान मलाही आहे. पण तो मेकॅनिक होता, भावजी, आणि त्याच्या हातचं एकही चाक कधी सुटलं नाही. हे वाक्य तेवढं बदला, म्हणून हे पत्र.

तुमची वहिनी,
रोझविथा

ता.क. खरं तर ते वाक्य मी गुरुवारीच खोडलं आणि पानं छापखान्यात पाठवून दिली. तुमची परवानगी त्यासाठी नको होती. रविवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये समारंभ आहे. तिथे उभं राहून तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढं मागायचं होतं. आलुबुखाऱ्याचा केक मी करतेच आहे. नाही बोललात तरी मिळेल, पण मलईशिवाय.

दुसरा ता.क. ते चाक चाळीस वर्षं माझ्या तळघरात आंबवायच्या कोबीवर वजन म्हणून ठेवलेलं आहे. समारंभात दाखवायला लागेल, तेव्हा रविवारी आधी घरी या आणि स्वतः उचलून न्या. येताना तेवढ्याच वजनाचा दगड आणा. कोबी अजून दोन आठवडे दाबून ठेवायचा आहे.