काळ्या पंखांवर पांढरी माळ

२९ सप्टें. १९९१
ह्यांना काल दवाखान्यातून घरी आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तळोज्याला कारखान्यात पाइपाचा जोड सुटला नि कॉस्टिक सोड्याचं पाणी थेट तोंडावर उडालं. लगेच पाण्यानं धुतलं म्हणून आशा आहे, असं डॉ. म्हणतात. किती आशा, ते सांगत नाहीत. रोज थेंब घालायचे, पट्टी बदलायची; डोळे उघडून बघायचं मात्र नाही, अशी ताकीद. शाळेला रजेचा अर्ज धाडला.

३० सप्टें.
हे बोलतच नाहीत. ताट चाचपत जेवतात. रेडिओ लावला तर "बंद कर."
हिराबाई कोळीण कोळंबी घेऊन आली, दारातच थबकली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दिसंल ओ बाई त्यांना. रडायचं नाय." मी रडत नव्हते. बहुतेक.

२ ऑक्टो.
सकाळी ह्यांची खुर्ची मागच्या बागेत टाकली. बाग म्हणजे कढीपत्ता, जास्वंद आणि कुंपणाला माजलेली घाणेरी. ह्यांनी विचारलं, "काय बघतेस?"
"फुलपाखरू."
"कसंय?"
"सुंदर."
भडकले. "सुंदर म्हणजे काय? मराठी शिकवतेस ना पोरांना? मला दिसेल असं सांग!"
मग नीट पाहिलं नि सांगितलं. काळं. खालच्या पंखांवर पांढरे ठिपके, ओळीनं. फुलावर टेकलं तरी पंखांची थरथर थांबत नाही.
"माळ ओवल्यासारखे ठिपके?"
"हो, अगदी."
अपघातानंतर आज पहिल्यांदा चेहरा जरा सैल.

५ ऑक्टो.
आता रोज तेच. मी सांगते, हे यमक जुळवतात! माझ्या कवितांना आजवर 'तुझं ते' म्हणणारा माणूस. आज दोघांनी मिळून केलेलं:

काळ्या पंखी पांढरी माळ
कढीपत्त्यावर झुलली,
हात लावू म्हणता म्हणता
उन्हात कुठे हरवली.

शेवटची ओळ माझी. हे लगेच, "हरवली नको. दुसरं काही घाल." कळलं मला. खोडलं. 'उन्हात पोहत निघाली' केलं. मान डोलावली.

८ ऑक्टो.
उद्या पट्टी काढणार. दुपारी बागेत अचानक: "नाहीच दिसलं तर रोज सांगशील?"
"सांगेन."
"आणि शाळा?"
कढीपत्ता खुडायला उठले. लागत नव्हता तरी.

९ ऑक्टो.
उजवा दिसतो! उजवा दिसतो. देवा.
पट्टी सुटल्यावर बराच वेळ डोळे मिचकावत होते. मग माझ्याकडे बघून, "केस बरेच पिकले गं तुझे." डॉ. समोर असतानाच मी खो खो हसत सुटले, हसता हसता पदर डोळ्यांना. डाव्यात मात्र फक्त उजेड कळतो. डॉ. म्हणाले, वेळ द्या.
घरी आल्यावर चपला न काढता थेट बागेत. एक फुलपाखरू असेल तर शपथ! "थापा मारत होतीस की काय?" दोघं बसून राहिलो. आलं शेवटी एक. श्वास रोखून बघत होते. मग म्हणाले, "पंखांच्या टोकाला लाल आहे जरासं. ते नव्हतं सांगितलंस."
नव्हतंच दिसलं मला.
पोटभर जेवले. मीही.

१४ ऑक्टो.
पुढच्या सोमवारपासून शाळेत जाणार. ह्यांच्या कामाचं अजून काही ठरत नाही. हेच म्हणाले, तू जा, मी वरण-भात लावीन.
संध्याकाळी बाहेर आले तर हे कुंपणापाशी उभे, उजव्या डोळ्यावर तळहात.
"काय करताय?"
"गप. डाव्यानं बघतोय."
"दिसतंय काही?"
"नाही." मग थोड्या वेळानं, "थांब. काहीतरी हललं. पिवळं."
घाणेरीवर पिवळं फुलपाखरू होतं. शेजारी एक पिकलं पानही वाऱ्यानं हलत होतं. कुठलं दिसलं, विचारलं नाही. त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.
"परत हलू दे," म्हणाले. हात काढला नाही.