भूल देण्याआधीचा प्रश्न

चौबे कॉलोनी, रायपूर
१२ जून २००३

सौ. चित्राताईस, धाकट्या शेखरचा नमस्कार.

आमच्या अनूचा ताप उतरला, काल दोन चमचे पेजही घेतली. लघवी मात्र अजून काळी होऊन राहिली.

टॉन्सिलचं साधं ऑपरेशन होतं. भूल देताच माझ्या पोट्टीचा जबडा मिटला, अंग लाकडासारखं कडक झालं, तापानं भाजू लागलं. डॉक्टर म्हणाले, स्नायूत कॅल्शियम सोडणारी दारं असतात. उघडली की स्नायू आवळतो, मिटली की सैलावतो. आपल्या घराण्यात ती बिघडलेली असावीत. भुलीच्या वायूनं उघडली की मिटतच नाहीत.

आधी त्यांनी मले विचारलं होतं, घरात कोणाले भूल बाधली का? मी नाही म्हणालो. दादा ऑपरेशनच्या टेबलावर असाच कडक होऊन गेला. पण तुझी सोयरीक मोडू नये म्हणून आईनं तो टायफाइडनं गेला असं सांगायला लावलं, तेच तोंडात बसलं.

सोमवारी तुझ्या पोराचं, अनिमेषचं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. तुझा फोन लागून नाही राहिला, म्हणून शेजारच्या भास्करच्या हाती पत्र देतो. इतकी वर्षं लपवलं म्हणून भाऊजी रागावतील, रागावू दे.

तुलेही डॉक्टर तेच विचारतील. ताई, पाया पडतो, माझ्यासारखं नाही म्हणू नको, तू हव म्हण.

तुझा
शेखर