एक लाख सोळा हजार किलोमीटर परत नोंदवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : गाडीच्या मीटरमधून नाहीसे झालेले १,१६,००० किलोमीटर परत नोंदवून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज. २) त्यावरून आपण मलाच पाठवलेली नोटीस.

महोदय,

गेल्या महिन्याच्या चार तारखेला सकाळी अकरा वाजता, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात, आमच्या गाडीचे एक लाख सोळा हजार किलोमीटर गेल्याचे मला कळले.

१. ही गाडी माझी पत्नी चालवत असे. मला चालवता येत नाही. मी शेजारी बसत असे. ती वारल्यावर गाडी दारात बघवेना, म्हणून मी विकून टाकली. तेव्हा मीटरवर १,६१,२४० होते. चाळीस दिवसांनी, कप्प्यात राहिलेली तिची वही आणायला गेलो. वही जागेवर होती. सीटचा खटका जुनाच अडकलेला असल्याने सीटही तिच्या उंचीला पुढे ओढलेली, तशीच होती. ते पाहून मी गाडी परत घेतली. मीटरवर मात्र ४५,२४० होते.

२. विक्रेता म्हणाला, "काका, गाडी कमी चाललेली निघाली, आनंद माना. लोक उलटं भांडतात." मी म्हणालो, अहो, मी स्वतः तिच्यात बसलो होतो. तो म्हणाला, "डोळा लागला असेल." कमी चालल्याबद्दल त्याने भावही वाढवून घेतला.

३. गेल्या वर्षी आपल्याच कार्यालयाने तपासणीत १,५८,९०० लिहिल्याचा कागद मी खिडकीवर दाखवला. आपले कारकून म्हणाले, "रिव्हर्समध्ये चालवली असेल." मी घरी हिशेब केला. त्यासाठी चाळीस दिवस, दिवसरात्र, ताशी एकशे वीस किलोमीटरने गाडी उलटी पळवावी लागते. असा इसम आढळल्यास त्याची वेगळी चौकशी व्हावी.

४. पत्नी प्रत्येक फेरीनंतर मीटरचा आकडा वहीत लिहीत असे. कारकून म्हणाले, "अक्षर त्यांचंच कशावरून? बाईंना घेऊन या." मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "चालेल. फक्त यावर त्यांची सही आणा."

५. आता आपली नोटीस आली आहे, की पूर्वीच्या मालकाने किलोमीटर का कमी केले याचा खुलासा तक्रारदारासमोर करावा. पूर्वीचा मालक मीच, तक्रारदारही मीच. आम्ही दोघे वेळेवर हजर राहू. एक खुर्ची पुरेल.

६. मला भरपाई नको. विक्रेत्याचे काय करायचे ते आपण ठरवा. वही सोबत जोडलेली नाही, कारण आपल्याकडे जोडलेले कागद सापडत नाहीत. मी हातात घेऊन येईन. तिच्यात बहिणीकडच्या फेऱ्या आहेत, मुलीला शाळेत सोडल्याच्या आहेत, एकदा रस्ता चुकून नव्वद किलोमीटर जास्त गेलो तेही आहे. शेवटची नोंद दवाखान्याची आहे. जाताना तीच चालवत होती. येतानाची नोंद नाही.

हे सगळे झाले होते, एवढेच नोंदणी पुस्तकात लिहून मिळावे. माझ्या पहिल्या अर्जाला आज एकतीस दिवस झाले. ते अजून कोणी लिहिलेले नाही.

आपला नम्र,
(सही)
तक्रारदार

(सही)
पूर्वीचा मालक

दिनांक : ९