रेवाचा जेलीफिश

शनिवार, संध्याकाळ

मी असं का केलं?

आज माझ्या चित्रकलेच्या क्लासमध्ये समुद्री प्राणी होते. पालक यायची वेळ झाली आणि सात वर्षांच्या रेवाच्या निळ्या समुद्रात मधेच एक पांढरा डाग राहिलेला. ती हात धुवायला गेली होती. अर्धवट चित्र बघून तिची आई काय म्हणेल, या धास्तीने मी त्यात पटकन जांभळा रंग भरला.

रेवा परत आली आणि बघतच राहिली. "दीदी, तो जेलीफिश होता. तुम्हीच म्हणालात ना, पांढरा लावायचा नाही, कागद कोरा सोडायचा?"

मीच म्हणाले होते. जांभळा टिपायला गेले तर आणखी पसरला.

तेवढ्यात तिची आई आली. "अरे वाह, एकदम सरस! जांभळा काय मस्त जमलाय गं तुला!" रेवाने माझ्याकडे बघितलं. मी नुसती हसले.

मासिकाला दिलेल्या माझ्या कथेत मुद्दाम सोडलेली मोकळी जागा संपादकाने स्वतःच्या वाक्यांनी भरली, तेव्हा मी केवढी भांडले होते!

रेवाच्या आईला मेसेज लिहितेय, खोडतेय. तिला सांगता येईल. पण रेवाला काय सांगू? जाताना तिने ब्रश माझ्या हातात ठेवला. "पुढच्या शनिवारी कासव आहे ना? ते तुम्हीच काढा."