भर दुपारचं उड्डाण

ता. ३

चि. फुग्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मुलगी तुला पसंत आहे, हे तू मला सोडून तुझ्या भावोजींना सांगितलंस. त्यांच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे मला ते लगेच कळलं. भूमिती शिकवणारी मुलगी तुला हो म्हणायच्या विचारात आहे, हे ऐकून मात्र मला तिचीच काळजी वाटते.

अडलंय ते तिच्या वडिलांपाशी. गरम हवेच्या बलूनमधून लोकांना फिरवणारा माणूस संसार कसा करणार, हे त्यांना कळत नाही. त्यांना एकदा वर नेऊन आण. त्यांच्या घरी त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, तेव्हा तू नुसती मान डोलाव. एवढं जमलं तर बाकीचं माझ्याकडे लागलं.

तुझ्या तोंडाला भिणारी,
ताई

ता. ११

ती. स्व. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे मान डोलावली आणि उडायच्या आधीच तोंडावर आपटलो.

आम्ही उडतो ते उजाडताना. मुलीचे वडील म्हणाले, आम्ही दुपारी येऊ. मी मान डोलावली. एरवी प्रत्येक प्रवाशाला वजनकाट्यावर उभं करतो, पण होणाऱ्या सासऱ्यांना काट्यावर चढा म्हणायला जीभ रेटेना. नजरेनेच अंदाज घेतला आणि आदरापोटी त्यातूनही थोडं कमी धरलं. सासूबाईंचं तर फारच आदराने धरलं.

आता थोडं शास्त्र ऐक. बलूनचं तोंड खाली उघडं असतं, म्हणून आतला दाब बाहेरच्याइतकाच राहतो. आतली हवा तापली की फुगते, मावेनाशी झाली की तोंडातून बाहेर पडते. मागे उरते ती विरळ, हलकी हवा, आणि भोवतालची जड हवा बलूनला वर ढकलते. पण भर दुपारी भोवतालची हवाच तापून हलकी झालेली. मग आतली आणखी तापवायला हवी. हे मी रोज प्रवाशांना ऐटीत समजावतो.

बर्नर पेटवला. तापमापकाची सुई लाल रेघेला टेकली, तरी टोपली जागची हलेना. रेघेपलीकडे कापडाचा भरवसा नाही. भोवती शेजारीपाजारी जमलेले. वडील म्हणाले, जाळ वाढव. खरं सांगतो ताई, माझा हात बर्नरच्या खटक्यावर गेला होता. मग मी हात मागे घेतला, जाळ वाढणार नाही म्हणालो, आणि त्यांना खाली उतरायला सांगितलं.

ते उतरले. बलून लगेच अलगद वर गेला. सगळ्यांच्या देखत ते एकटे खाली, आणि मी त्यांच्या बायको-मुलीसह आकाशात. परत आल्यावर ते चहाला थांबले नाहीत. मुलगीही त्यांच्या मागोमाग निघून गेली. मला फार वाईट वाटतंय, आणि हे चेष्टेत लिहीत नाही.

तुझा जमिनीवरचा भाऊ,
फुग्या

ता. १६

चि. फुग्यास आशीर्वाद, वि. वि.

काल ते तिघेही घरी आले. वडिलांनी पाण्यालाही हात लावला नाही. चारचौघांत मला उतरवणाऱ्याला मुलगी देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. हा रोग आपल्या घराण्यातलाच दिसतो.

तेव्हा मुलगी बोलली. म्हणाली, बाबा, आपल्या घरात तुम्ही जाळ वाढव म्हणालात की आम्ही वाढवतो. काय जळतंय ते कोणी बघत नाही. त्यांचा हात खटक्यावर गेला तेव्हा मी घाबरले होते. तो त्यांनी मागे घेतला, म्हणून आज आपण तिघं इथे बसलो आहोत. मला लग्न त्यांच्याशीच करायचंय.

तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मग वडिलांनी पाणी मागितलं आणि मला विचारलं, की सकाळी यायचं तर किती वाजता यावं लागतं.

यापुढे माझे सल्ले मानू नयेत, लोभ मात्र आहे तसाच असू द्यावा.

ताई