दोरीवरचा पिवळा स्वेटर

ओबरलेर्ख, २० डिसेंबर १९८३

चि. आफ्रास,
बुर्गल मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोस्टमन सेपच्या हाती सुक्या नाशपातीचा पाव पाठवते आहे. तो तू खायचास, तुझ्या त्या खादाड प्रशिक्षकांना दाखवायचासुद्धा नाही. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नाही तरच मला काळजी वाटेल.

आता मुद्द्याचं. सेप म्हणाला, बायकांची ती बर्फावर स्कीवरून वळणं घेत उतरायची जायंट स्लॅलमची शर्यत यंदा आपल्या समोरच्याच डोंगरावर आहे आणि तीही अठ्ठावीसला. नाताळपासून सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंतच्या बारा रात्री आपल्या खोऱ्यात कुणी अंगणातल्या दोरीवर रुमालसुद्धा वाळत घालत नाही. आणि ही मंडळी अख्ख्या डोंगरावर काठ्यांना लाल-निळी फडकी बांधणार. तुम्ही त्याला फाटकं म्हणता. माझ्या लेखी ते वाळत घातलेलं धुणंच.

या रात्रींत मेलेल्यांची स्वारी वरून जाते. त्यातला कुणी कापडात अडकला, तर तो ते कापड नेतो आणि ज्याचं कापड त्यालाही नेतो. तुझ्या आईला हे सांगून आजीचा घसा बसला. पण त्सेन्त्सी कुणाचं ऐकतेय? याच बारा रात्रींत, तिच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, तिने आपला पिवळा स्वेटर धुतला आणि हसत हसत दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच डोंगरावर, उंचवट्याच्या खालच्या वळणावर, ती फडक्यासकट लार्चच्या झाडांत गेली. तू तीन वर्षांची होतीस. त्याच स्वेटरात तिला पुरली.

पोरी, ही एक शर्यत सोड. पाय दुखतोय म्हण. आजवर मी तुझ्याजवळ काही मागितलेलं नाही.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं, तेव्हा रागावू नकोस.

तुझी,
बुर्गल मावशी


वाइसेनएग, २४ डिसेंबर १९८३

ती. बुर्गल मावशीस,
आफ्राचा शि. सा. न. वि. वि.

पाव पोचला. लपवला होता, तरी वालनर सरांनी वासावर शोधून काढला आणि निम्मा फस्त केला. कालवडीचं नाव माझ्यावरून ठेवू नकोस, गावात आधीच पुरेसा गोंधळ आहे.

मावशी, फडकी काही माझी नाहीत, शर्यत भरवणाऱ्या मंडळाची आहेत. तुझ्या हिशेबाने स्वारीने मंडळाच्या अध्यक्षांना न्यायला हवं. आम्ही मुली त्यांची वळकटी बांधून देऊ.

आता थट्टा पुरे. इथे पहिल्या पाचांत आले तर फेब्रुवारीत ऑलिंपिकला जाईन, नाहीतर माझ्या जागी दुसरी. पण ते सोड. आई ज्या वळणावरून खाली आलीच नाही, तिथून मला एकदा खाली यायचं आहे. तिचा चेहरा मला आठवत नाही. ओल्या लोकरीचा वास तेवढा आठवतो. सरावात त्या उंचवट्यापाशी आले की तो वास येतो आणि मानेला गार हात लागल्यासारखं होतं. मला भीती वाटते, हे तुलाच लिहिते आहे. तरीही मी उतरणार.

वरच्या सुरुवातीच्या जागेवरून खोऱ्यापलीकडे आपलं अंगण दिसतं. त्या दिवशी बाहेर उभी राहा.

माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे, आणि मोज्यांच्या दोन जोड्या विणून ठेव.

तुझी,
आफ्रा


वाइसेनएग, २८ डिसेंबर १९८३

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे, धड आहे आणि दुसरी आले आहे. एक कप मिळाला आणि हॉटेलवाल्याकडून डुकराची खारवलेली अख्खी मांडी. कप माझा, मांडी तुझी.

पहिल्या फेरीत मी चौथी होते. दुसऱ्या फेरीसाठी फाटकं नव्याने रोवली. आम्ही सगळ्या कडेने घसरत मार्ग पाहून आलो, मग डोळे मिटून हातांनी वळणं घोकत बसलो. माझं घोकणं उंचवट्यापाशी तुटायचं. पुढचं फाटक आठवेचना. शेवटी डोळे उघडून मी आपल्या अंगणाकडे पाहिलं. तुझी पांढरी चादर दोरीवर दिसली आणि तिच्या शेजारी आईचा पिवळा स्वेटर. मला इतकं बरं वाटलं मावशी! म्हटलं, हिने आपली भीती गिळली, जुना स्वेटर शोधून काढला, का तर मला वरून दिसावा.

उंचवट्यावरून उतरताना बर्फ काचेसारखा गुळगुळीत होता. स्कीची धार सुटली आणि मी सरळ फडक्यात घुसले. तोंडावर कापड, समोर झाडं. तेवढ्यात मागून कुणीतरी कॉलर धरून उभं केल्यासारखं झालं. एक हात बर्फावर टेकला आणि मी पुढच्या फाटकातून नीट निघाले. वालनर सर म्हणतात, असं कुणाला सावरताना त्यांनी पाहिलेलं नाही.

रात्री आठवलं, तो स्वेटर तर आईबरोबर पुरला ना? तू दुसरा विणलास का? लगेच लिही.

तुझ्या मायेच्या उबेत असलेली,
आफ्रा


ओबरलेर्ख, ३० डिसेंबर १९८३

चि. आफ्रास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी बसून खूप रडले. मांडी सेपबरोबर पाठवू नकोस, निम्मी वाटेतच संपेल.

मी स्वेटर विणलेला नाही. दोरीवर एकच कापड घातलं होतं, माझी चादर, माझ्या नावाची अक्षरं भरलेली. म्हटलं, स्वारीला कुणाला न्यायचंच असेल तर आधी माझं कापड दिसू दे. माझं वय झालं, तुझं व्हायचं आहे. मग दुर्बीण घेऊन दिवसभर दोरीखाली उभी राहिले. शेजारी पिवळं काही नव्हतं.

संध्याकाळी निखाऱ्यांवर धूप टाकून गोठ्यात फिरवला आणि चादर काढायला गेले, तर दोरी रिकामी. वाऱ्याची झुळूक नव्हती. चिमटे जागच्या जागी. बर्फात पावलं फक्त माझी.

मी आणि तुझी आई चादर एकेक टोक धरून पिळायचो. एकटीला धुणं काढू द्यायची नाही ती.

काळजी करू नकोस. जरा कणकण आहे, इतकंच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी


वाइसेनएग, २ जानेवारी १९८४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मला आता थट्टा सुचत नाही. कुणी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी चादर टाकायला? दोरी सोडून टाक. डॉक्टरांना बोलाव. पुढची शर्यत मी सोडली आहे. परवा सराव संपला की सुटी मिळेल, पाच तारखेच्या सकाळी पहिल्या बसने निघते.

आज वरून सरांच्या दुर्बिणीतून पाहिलं. तू दोरीखाली उभी होतीस. मी हात हलवला, तर तू दोन्ही हात वर करून हलवलेस. तेव्हा कुठे जिवात जीव आला. पण इतक्या थंडीत अंगणात उभं राहायचं नाही, हे मी बजावून सांगते आहे.

मी येईपर्यंत जपून राहा, बाकी सगळं भेटीत.

तुझीच,
आफ्रा


ओबरलेर्ख, ३ जानेवारी १९८४

चि. आफ्रास अनेक अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. डॉक्टर येऊन गेले, छातीत सर्दी भरली म्हणाले. कालवड सेपच्या बायकोने सांभाळायला नेली आहे. मोजे उशीखाली आहेत, दोन्ही जोड्या.

परवापासून मी अंथरुणातून उठलेली नाही. अंगणात तर पाऊलही टाकलेलं नाही. शर्यत संपल्यावर दोन्ही हात वर करून हलवायची सवय तुझ्या आईची. मला ते कधी जमलं नाही, लाज वाटायची.

तू हात हलवलास ते फार बरं केलंस. सतरा वर्षं वाट पाहत होती ती.

उद्या सरावाला गेलीस की पुन्हा बघ. दोघी दिसलो तर घाबरू नकोस.

तुझी,
बुर्गल मावशी